दोन कानांचं पोतं

जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोनच प्रकार असतात, तोंड शिवलेल्या आणि तोंड उघड्या राहिलेल्या. आणि दुसऱ्या प्रकाराला केवळ माणसाचा आळस जबाबदार आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. ते माझे मोठे मामा. त्यांची सगळी उमर शेलूबाजारच्या धान्यबाजारात पोत्यांची तोंडं शिवण्यात गेली. सोयाबीन असो, तूर असो, हरभरा असो, काट्यावरून उतरलेलं पोतं मामांच्या पुढ्यात यायचं आणि दाभणात ओवलेल्या सुतळीनं मामा ते असं झपाझप शिवायचे की आपण गप्प केव्हा झालो हे पोत्यालाही कळू नये. दाभण म्हणजे बोटाएवढी लांब, टोकाशी जराशी वाकलेली जाड सुई. पाठीनं दगा दिला तसं ते काम सुटलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली; पण दाभण अजून मामांच्या टोपीत खोचलेलं असतं आणि टोपी ते फक्त अंघोळीपुरती काढतात. त्यामुळे मामांच्या पाया पडावं, गळ्यात पडू नये, हे आमच्या घरातल्या लेकरांना चालायला यायच्या आधीच शिकवलं जातं.

आमच्या खेड्यात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून मला मामांकडे ठेवलं होतं. तिथं मी काय काय शिवलेलं पाहिलं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. बिस्किटाचा पुडा फोडून दोन बिस्किटं खाल्ली की पुडा शिवलेला. उशीच्या अभ्र्याला मामीनं बटणं लावली होती, तीही मामांना पटली नव्हती. बटणाच्या मधून म्हणे उशीचा जीव जातो. माझ्या लग्नात आचाऱ्यानं मिठाच्या पिशवीचं तोंड उघडं टाकलेलं दिसलं, तर मामांनी ती पिशवी शिवून, व्यवस्थित उभी करून, कोपऱ्यात ठेवून दिली. आचारी पंगत बसेपर्यंत मीठ शोधत होता. वऱ्हाडी मंडळींनी अळणी वरण खाल्लं आणि माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला. मामांना त्याचं काहीच वाटलं नाही. "मीठ सांडलं असतं तं?" ते म्हणाले. "अळणी खाल्ल्यानं कोनी मरत नाही. सांडलेलं कोनी भरून देते का?"

आमच्या घरात आणि आजोळी, दोन्हीकडे मिळून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पदवीचा कागद घरी आला तेव्हा सगळ्यांनी तो देवापुढे ठेवला, वडिलांनी हळद-कुंकू वाहिलं, आणि मामांनी तो दोन्ही हातांत धरून विचारलं, "याचं तोंड कोनतं हाये?" संध्याकाळपर्यंत त्यांनी नव्या मांजरपाटाची खोळ शिवून पदवी आत घातली होती आणि चारही बाजूंनी टाके मारून ती कायमची बंद केली होती. वाशीमच्या शाळेत नोकरीसाठी मुलाखतीला गेले तेव्हा मूळ कागद दाखवा म्हटल्यावर मी ती पांढरी उशी हेडसरांच्या टेबलावर ठेवली. हेडसरांनी एकदा उशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शिपायाला कात्री आणायला सांगितलं. नोकरी लागल्याची बातमी घेऊन मी पेढे द्यायला शेलूला गेले, तर मामांनी पेढा हातात तसाच धरून आधी हे विचारलं, की टाका टोकाकडून काढला का मधातूनच कापला. मधातून कापला म्हटल्यावर त्यांना हेडसरांच्या शिक्षणाबद्दल जी शंका आली ती अजून फिटलेली नाही.

माणसांची पारखही मामा धान्यासारखीच करतात. नवं लेकरू दाखवायला आणलं की त्याला दोन्ही बगलांत धरून वर उचलायचं, जरासं हलवायचं आणि निकाल द्यायचा. "दाना भरला हाये चांगला," असं म्हणाले की त्या बाळाच्या आईला दृष्ट काढावीशी वाटते. आमचे हे मला पाहायला आले होते तेव्हा मामांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या वडिलांच्या कानात, पण बैठकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं, "माल चोख हाये. जरासा ओलावा वाटते. उनात ठेवला का सुकन." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आमचे हे अजूनही मामांसमोर सावलीत बसायला कचरतात.

बाजारातलं काम सुटल्यावर मामांचे हात मोकळे झाले, आणि ते मोकळे हात मामीच्या शिलाई मशीनवर पडले. मामी गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते. तिच्या मशीनचा दोरा मामांना सुरुवातीला दिसतच नव्हता. "हा दोरा हाये का कोळ्याचं जाळं?" असं म्हणून ते त्यात चार पदरी दोरा घालायला बघत, सुई मोडत, आणि मामी पदर खोचून भांडायला उभी राहत असे. पण ब्लाउज बेतल्यावर उरणाऱ्या कापडाच्या रंगीत कातरणी बघून मामांना एक विचार सुचला होता आणि मामांना विचार सुचला की तो शिवूनच पुरा व्हायचा. त्या कातरणींची त्यांनी पोती शिवायला घेतली. मुठीएवढी, लेकराच्या हातात मावतील अशी, पण अस्सल पोत्याच्या बांधणीची. आत फुटाणे, मुरमुरे, चार रेवड्या, आणि वरून तोंड शिवलेलं. शिवताना दोन्ही कोपऱ्यांना थोडं कापड मोकळं सोडायचं आणि त्याला दोऱ्याचा आवळ वेढा द्यायचा. ह्याला पोत्याचे कान म्हणतात. दोन हमाल समोरासमोर उभे राहून एकेक कान धरतात आणि पोतं उचलतात. कानाशिवाय पोतं म्हणजे मामांच्या मते नुसता गठ्ठा.

गावात कुणाच्याही लेकराचा वाढदिवस असो, बारसं असो, मामा आपली पोती घेऊन हजर. आमंत्रण असलंच पाहिजे असं नाही. "लेकरू कोनाच्या घरून रिकाम्या हातानं जाऊ नये," हे त्यांचं म्हणणं. ह्याला आजकाल रिटर्न गिफ्ट म्हणतात असं मी एकदा सांगितलं, तर ते चिडले. "रिटर्न म्हंजे वापस ना? बाजारातून माल रिटर्न आला का आमी शिव्या खात होतो. लेकराले देऊन वापस कायले घ्यायचं?" त्यानंतर कुणी रिटर्न गिफ्ट म्हटलं की मामा त्याच्याकडे कंजूस माणसाकडे बघावं तसं बघतात.

ह्या उद्योगात मामीचं नुकसान होत नव्हतं असं नाही. कातरणी संपल्या की मामांचा हात पुढच्या कापडाकडे जाई. एकदा एक बाई ब्लाउज न्यायला आली, तर एक बाही सापडेना. मामी शोधून दमली. तेवढ्यात त्या बाईचाच पोरगा फुटाणे खात दारातून आत आला आणि त्याच्या हातातलं पोतं जांभळ्या जरीकाठाचं होतं. बाईनं पोराच्या हाताकडे पाहिलं, आपल्या ब्लाउजकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामी, माही बाही फुटाने खाऊन राह्यली व!" मामीनं त्या दिवशी कात्री लपवून ठेवली. मामांनी दातांनी काम भागवलं.

असं सगळं आनंदात चाललेलं असताना पुण्याची गोष्ट घडली. मामांची मुलगी पुण्याला असते. तिच्या मुलाचा वाढदिवस मोठ्या हॉलमध्ये होता. मामांनी महिनाभर आधीपासून पोती शिवली, चांगल्यातली चांगली कापडं निवडून, आणि ती सगळी एका मोठ्या पोत्यात भरून, त्या मोठ्या पोत्याचंही तोंड शिवून, ट्रॅव्हल्सनं पुण्याला नेली. मामांनी प्रत्येक लेकराच्या हातात एकेक पोतं दिलं. पण तिथं लेकरांना चकचकीत कागदात बांधलेले डबे मिळायचे होते. डबे आले तसे हात भरले आणि पोती खुर्च्यांवर राहिली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. एका बाईच्या साडीवर केकचं क्रीम सांडलं, तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि खुर्चीवरचं फुलाफुलाचं पोतं उचलून क्रीम पुसलं. तिला ते पुसायचं फडकंच वाटलं. हे मला मामीनं सांगितलं. मामांनी फक्त सगळ्या खुर्च्यांवरून पोती गोळा केली आणि परत आणली.

मग एक दिवस मामीचा फोन आला. "पोरी, तुह्या मामाले काय झालं ते येऊन पाय. मशीनले हात लावत नाही. माह्या कातरणीचा ढीग लागला घरात, जागा नाही राह्यली बसाले." जिनं इतकी वर्षं मशीनसाठी भांडण केलं तीच हे सांगत होती. "बिस्किटाचा पुडा उघडा पडला व टेबलावर," ती म्हणाली. "मुंग्या लागल्या. बाजूलेच बसून हायेत, पण शिवत नाही." तेव्हा मात्र मी घाबरले.

संक्रांत झाली होती आणि माझ्या लेकीचं पहिलं बोरन्हाण करायचं होतं. बाळाला काळं झबलं घालतात, हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या ओततात. आणि जमलेली लेकरं ते वेचून नेतात. आमच्या घरात ह्याला सरळ लूट म्हणतात. मी शेलूला गेले. मामा ओसरीत बसले होते. मशीनवर जुनी चादर टाकलेली होती.

"मामा, पोरीची लूट हाये रविवारी."

"हो ना. येतो आमी."

"पिशव्या लागतीन."

"तुमच्या वाशीमात रंगीत डबे भेटतात. ते आन."

"डब्यात बोरं वेचता येतात का? लेकरं वाकतीन का डबा सांभाळतीन?"

"खिशात टाकतीन."

"पोरीयच्या फ्रॉकले खिसे नसतात, मामा."

मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "काहून?"

"नसतात. शिवतच नाही कोनी."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"अन् पोट्ट्यायच्या पँटीले?"

"भरपूर असतात."

मामा उठून उभे राहिले. "म्हंजे पोट्टे बोरं भरून नेतीन अन् पोरी पाहत राहतीन? हे कोन्या शिंप्यानं ठरवलं व?" हा शेवटचा प्रश्न मामीला होता.

"माह्याकडं कायले पाहता?" मामी म्हणाली. "मी बिलाउज शिवतो!"

"तू बी शिंपीच ना!" असं म्हणून मामांनी मशीनवरची चादर ओढली. मामीनं माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

रविवारी मामा-मामी काळीपिवळी जीपनं वाशीमला आले. मामांच्या खांद्यावर मोठं पोतं होतं आणि चेहरा फार गंभीर होता. लुटीची पिशवी म्हणजे तोंड उघडं ठेवणं भाग होतं. आयुष्यात प्रथमच त्यांनी उघड्या तोंडाचा माल घराबाहेर काढला होता. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली होती: लेकरांनी पिशव्या भरायच्या, आणि जाताना दारात मामा बसतील, ते प्रत्येकाचं तोंड शिवून देतील. "उघडं तोंड घेऊन माह्या समोरून कोनी जानार नाही," हे त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं.

लूट फर्मास झाली. डोक्यावर बोरं पडताना माझी लेक आधी रडली, मग एक रेवडी तोंडात गेल्यावर हसली. लेकरांची झुंबड उडाली. फुलाफुलांच्या पिशव्या घेऊन पोरी पाटाखाली शिरत होत्या आणि पोट्टे खिसे फाटेस्तोवर भरून वर पिशव्याही मागत होते. सगळ्या बाया बाळाला बघत होत्या. मामांचं तिकडं लक्षच नव्हतं. दाराशी स्टुलावर बसून ते भिंतीकडेच्या खुर्च्यांकडे बघत होते. खुर्च्यांवर काही राहतं का, एवढंच बघत होते. त्यांनी दाभण टोपीतून काढून हातात धरलं होतं आणि ते उगीच बोटांत फिरवत होते.

पहिली आली शेजारची परी. वय पाचेक वर्षांचं, समोरचे दोन दात पडलेले, पिशवी बोरांनी गच्च. मामांनी तोंड शिवलं, दोन्ही कोपरे आवळले, दोरा तोडला आणि पोतं तिच्यापुढे धरलं. "घे बाई. एक नंबर पोतं."

परी ओरडली, "ससा!"

"ससा नाही. पोतं हाये."

"ह्याला कान आहेत."

"कान पोत्याले असतात."

"पोत्याला कुठं कान असतात?" परी सगळ्यांकडे बघत म्हणाली, आणि बाया हसल्या. मामा हसले नाहीत. परीनं ते हातात फिरवून पाहिलं. "पण आबा, ह्याला डोळे नाहीत."

"पोत्याले डोळे कायले लागतात? पोतं काय शाळेत जाते?"

"मग मला नको," परी म्हणाली, आणि तिनं ते पोतं बाजूच्या खुर्चीवर ठेवून दिलं.

खुर्चीवरच ठेवलं होतं तिनं. मामांचा हात हवेत तसाच राहिला. मागे लेकरांची रांग उभी होती, पुढे सरकायला उतावीळ झालेली.

मामी स्वयंपाकघरातून आली. तिच्या थैलीत नेहमी टिचबटणांची डबी असते, ब्लाउजाला लावायची काळी, चकचकीत बटणं. तिनं ती डबी उघडून मामांच्या मांडीवर ठेवली आणि ओवलेली सुई पुढे केली. "लावा ना वो," ती हळूच म्हणाली. "त्याले दिसलं नाही तं ते जाईन कसं तिच्या घरी?"

मामांनी डबीकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. मग दाभण टोपीत खोचलं, मामीच्या हातातली बारीक सुई घेतली, आणि "पोत्याले डोळे! बाजारातले लोकं हासतीन मले," असं पुटपुटत एक डोळा लावला. दुसरा लावताना परी त्यांच्या गुडघ्यावर रेलून सांगत होती, "जरा खाली. आता वर. हां, तिथंच." जन्मात मामांना कुणी टाका कुठं घालायचा ते सांगितलं नव्हतं. पोतं हातात आल्यावर तिनं ते दोन्ही कानांनी उचललं आणि घरभर पळत सुटली.

मग काय विचारता. एकालाही बिनडोळ्यांचं चालेना. कुणाला मोठे डोळे, कुणाला झोपलेले. एका पोट्ट्याला तर एकच डोळा मारलेला ससा हवा होता. टिचबटणं संपली तशी मामी ओरडली, "माह्या गिऱ्हायकीनी का उघड्या हिंडतीन आता?" आणि आपल्याच ब्लाउजाकडे बघून "याचे नाही देत बरं!" असं म्हणाली तेव्हा बाया हसून हसून भिंतीला टेकल्या. मामा मात्र प्रत्येक पोतं देताना बजावत होते, "पोतं हाये. ध्यानात ठेव. डोळे वरून लावले." सगळे गेल्यावर मी मुद्दाम बैठकीत जाऊन पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. मामा बिस्किटाच्या उघड्या पुड्याजवळ बसून सुईत दोरा ओवत होते.

गंमत पुढेच झाली. तीन-चार दिवसांत आयांचे मला फोन सुरू झाले. पोरं ससा उसवू देत नव्हती. आतली बोरं सडायला लागली होती, वास यायला लागला होता, पण सशाचं पोट कसं फाडायचं म्हणून घराघरांत रडारड चालली होती. मी मामांना फोनवर हे सांगितलं. मग ते म्हणाले, "उसवतच नाही म्हनतात?" त्यांच्या आवाजात जे सुख होतं ते मी शब्दांत लिहू शकत नाही. आपण शिवलेलं तोंड कुणी उघडू नये, ह्याहून जास्त त्यांनी जगाकडून मागितलं तरी काय होतं?

पुढच्या रविवारी दोघं कातरणींचा गठ्ठा घेऊन आले. आमच्या ओट्यावर लेकरं ससे घेऊन बसली. मामा दोरा ओढून पोट उघडत, सडकी बोरं काढत, कातरणी भरत आणि पुन्हा शिवत. "त्याला दुखेल का?" परीनं विचारलं. "इतकी सोयाबीन शिवली मी, कधी रडली नाही," मामा म्हणाले. "हे तं बोरं हायेत." मामीचा ढीग त्या दिवशी संपला.

दुपारी चहा घेताना मी सहज विचारलं, बाजारात आता तुमच्या जागी कोण शिवतं. मामा बशीत चहा ओतत म्हणाले, "कोनी नाही. आता पोत्याऐवजी पांढरे प्लास्टिकचे कट्टे आले. मशीन घर्र करते अन् तोंड बंद. कान नाही राहत त्याले. पोट्टे मिठी मारून उचलतात." जरा थांबून ते म्हणाले, "धरावं कुठं, तूच सांग." आणि चहा निवेपर्यंत त्यांनी तो प्यायला नाही.

संध्याकाळी त्यांना जीपपर्यंत सोडायला आम्ही निघालो तेव्हा परीची आई तिला खांद्यावर घेऊन फाटकाशी उभी होती. परी गाढ झोपली होती आणि तिच्या मुठीत कान धरून ससा लोंबत होता. "आबा, झोपेतही सोडत नाही बघा," तिची आई म्हणाली. मामा जवळ जाऊन वाकले. कान एकदा बोटाभोवती गुंडाळलेला होता आणि अंगठा वरून घट्ट दाबलेला. हमाल धरतो तसा.

"कोनी शिकवलं व तुले?" मामा त्या झोपलेल्या पोरीला म्हणाले.

रस्त्यावर जीपवाला "शेलू, शेलू" ओरडत होता. मामी लगबगीनं पुढे निघाली होती. मामांनी मोकळा राहिलेला दुसरा कान हळूच दोन बोटांत धरला, आणि पोतं उचलायला समोरचा माणूस तयार आहे का हे बघावं तसे तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत जरा वेळ उभे राहिले.